एकटीचा फोटो

“पदर नीट घे. अन् समुद्राकडं नको पाहू, माह्याकडं पाह्य.”

रंगूबाईंनी मोबाइल दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. योगिनी रत्नागिरीच्या किल्ल्यावर, दीपगृहाकडे पाठ करून उभी होती. खाली समुद्र पसरला होता. वाऱ्यात पदर काही ठरत नव्हता.

“आई, तुमी या ना इकडं. दोघींचा काढू.”

“मी कायले? तू राह्य उभी, एकटी.”

रंगूबाई योगिनीच्या सासूबाई. वाशीमजवळच्या अनसिंगहून सुनेकडे आल्या होत्या. समुद्र त्या जन्मात पहिल्यांदाच पाहत होत्या. फोटो काढणं मात्र नवं नव्हतं. सातबाऱ्यावर पीक नोंदवायच्या ई-पीक पाहणीसाठी त्या दर हंगामाला शेतात जाऊन सोयाबीनचे, तुरीचे फोटो काढत. ऊन कुठल्या अंगाला घ्यायचं ते त्यांना चांगलं कळत होतं.

त्यांचा एकुलता एक मुलगा, हरीओम, मोटारसायकलच्या अपघातात गेला, त्याला आता चौथं वर्ष लागलं होतं. योगिनीचं नर्सिंग लग्नाआधीच झालं होतं. “घरात बसून भिताडं पाहू नको, नोकरी धर,” असं रंगूबाईंनीच तिला सांगितलं. रत्नागिरीतल्या एका दवाखान्यात जागा मिळाली आणि ती इतक्या लांब आली. गावच्या घरात रंगूबाई एकट्या उरल्या.

आज सुट्टी घेऊन योगिनी सासूला समुद्र दाखवायला निघाली होती. तिला एक गोष्ट सांगायचीही होती. रंगूबाई उद्या सकाळच्या गाडीने परत जाणार होत्या. सांगायचं तर आजच.

किल्ल्यावर सांगायला काही जमलं नाही. किल्ला उतरून दोघी मिरकरवाड्याच्या बंदरात आल्या. मासळीच्या वासाने रंगूबाईंनी नाकाला पदर लावला, पण रंगीत होड्या पाहून त्या हरखल्या. होड्यांचे फोटो काढले. मग एका निळ्या होडीपुढे सुनेला उभं केलं. योगिनीच्या अंगावर अबोली रंगाची साडी होती. ती रंगूबाईंनीच वाशीमहून आणली होती आणि सकाळी हट्टाने नेसायला लावली होती. हरीओम गेल्यापासून योगिनीने असला रंग अंगाला लावला नव्हता.

मासळीची टोपली घेऊन बसलेली एक बाई हसली. “पोरीला सिनेमात घालायचीय काय, आजी?”

“घालीनबी! सुरत पाह्य ना तिची!”

योगिनी लाजली. तो फोटो मात्र छान आला.

दुपारी मांडवीच्या किनाऱ्यावर शहाळी प्यायल्या. तिथली काळी वाळू रंगूबाईंनी मुठीत घेऊन पाहिली. “हे तं आपलंच वावर हाय वं. पेरलं तं कापूस येईन.” दोघी खूप हसल्या. हसता हसता योगिनीच्या मनात आलं, आता सांगावं. तेवढ्यात रंगूबाई म्हणाल्या, “संध्याकाळी घरी गेल्यावर ड्युटीचे कपडे घाल. त्याच्यावरचाबी एक काढू.” सासू इतक्या कौतुकाने बोलत होती की योगिनीचे शब्द तोंडातच राहिले.

गोष्ट अमरदीपची होती. तो तिच्याच दवाखान्यात एक्स-रे काढायचा. मूळचा मानोरा तालुक्यातला, पोहरादेवीजवळच्या बंजारा तांड्यावरचा. घरापासून इतक्या दूर आपल्याकडची बोली कानावर आली आणि ओळख झाली. महिन्यापूर्वी त्याने लग्नाचं विचारलं. “आईंशी बोलल्याबिगर मी काहीच सांगणार नाही,” असं योगिनीने त्याला स्पष्ट सांगितलं होतं. आईंनी नाही म्हटलं तर नाही, हेही तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

उन्हं उतरली तेव्हा खाडीवरचा पूल ओलांडून दोघी भाट्याच्या किनाऱ्यावर आल्या. सुरूच्या झाडांखाली माणसं बसली होती. रंगूबाईंनी चपला काढल्या आणि लुगडं वर खोचून त्या पाण्यात शिरल्या. लाट आली की लहान मुलीसारख्या मागे पळत. दमल्यावर त्या वाळूत येऊन बसल्या.

“लय झाक दिवस गेला, पोरी,” त्या म्हणाल्या.

योगिनी शेजारी बसली. तिने समुद्राकडे पाहत एका दमात सांगून टाकलं.

“आई, मले लगन करायचं हाय.”

मग उरलेलं सगळं सांगितलं. तो कोण, काय करतो, कसा वागतो. रंगूबाई पायाची वाळू झटकत होत्या. त्यांचा हात थांबला.

“कुठला हाय?”

“मानोऱ्याकडचा. तांड्यावरचा.” योगिनी घुटमळली. “आपल्या जातीतला नाही.”

एक लाट येऊन गेली, दुसरी आली. मग रंगूबाईंनी मोबाइल हातात घेतला आणि फोटो उघडले. किल्ल्यावरचा योगिनीचा फोटो आला. त्यांनी तो पुसून टाकला. निळ्या होडीपुढचा आला, तोही पुसला. समुद्राचे, होड्यांचे, दीपगृहाचे फोटो त्यांनी तसेच ठेवले. योगिनीचे मात्र शोधून शोधून एकेक पुसत गेल्या.

योगिनीने घाईने त्यांचं मनगट धरलं.

“आई, मी तुमाले सोडून नाही चालली,” ती म्हणाली. “तुमी नाही म्हणसान तं नाही. पण माहे फोटो काहून पुसून राह्यल्या?”

रंगूबाईंनी मान वर केली.

“मंग ठिऊ कायले? सकाळपासून तंगडतोड करून हे फोटो म्या तुह्यासाठी पोरगा पाहाले काढले, अन् तू तं आधीच पाहून बसली!”