चोवीस खडे

समजा, तुमच्यापुढं चोवीस खडे ठेवलेत. एक खडा म्हणजे एक तास. दिवसभरात जे जे करता, त्याची एकेक रांग लावायची. झोपेची एक, शाळेची एक, खेळाची एक. जमेल ना? मग आता माझ्याबरोबर लोहगडाखालच्या एका वाडीत चला.

मार्चातला रविवार. येसूबाईच्या झुणका-भाकरीच्या टपरीपुढं तीन गाड्या थांबल्या. मंत्री श्रीपादराव उतरले आणि त्यांनी तिला लगेच ओळखलं. वीस वर्षांपूर्वी ते कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. बाया दिवसाकाठी किती राबतात, हे मोजायला वाडीत यायचे. ज्यांना घड्याळ कळत नव्हतं, त्यांच्यासाठी खडे त्यांनीच आणले होते. त्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं, ते गाजलं, आणि पुढं ते निवडून आले.

"मावशी, खडे आहेत का अजून?"

"हायेत की. तवा एसटीनं यायचा तुमी. लय वाळकं व्हता, भाऊ. आता भरलात."

"मंत्रीसाहेब म्हणा," शेजारचा सहायक पुटपुटला.

येसूबाईनं डब्यातून खडे काढले, पण मांडले नाहीत. "माझा गुडगा गेला. पान्याचं खडं आता हिच्याकडं," म्हणत तिनं नातीला पुढं केलं.

अमृता दहा वर्षांची. तिनं टपरीपुढच्या ओट्यावर रांगा लावल्या. झोपेचे आठ. खालच्या झऱ्यावरून पाणी आणायचे सहा. टपरीवरच्या कामाचे पाच. शाळेचे पाच.

"आणि खेळायचे?" श्रीपादरावांनी विचारलं.

"खडं संपलं."

त्यांचा चेहरा उतरला. खिशातून डायरी काढून ते भराभर लिहू लागले. "मावशी, हे मी विधानसभेत मांडतो."

"पुढच्या म्हैन्यात झरा आटंल. मंग पानी आनखी लांब. पोरीला शाळंतनं काढावं लागंल. वाडीत नळ कदी येनार, तेवडं सांगा."

"फार महत्त्वाचं आहे हे. लिहून घेतोय."

"लिवलं तर तवाबी व्हतं, भाऊ."

पेन थांबलं.

"साहेब, कामशेतची सभा," सहायक म्हणाला.

श्रीपादराव उठले. जाता जाता त्यांनी हाताजवळचा एक खडा उचलला. "हा माझ्या टेबलावर ठेवतो. रोज आठवण राहील." कुठल्या रांगेतला खडा उचलला, ते त्यांनी पाहिलं नाही.

गाड्या गेल्या. धूळ भाकरीच्या टोपल्यावर बसली. येसूबाई फडकं झटकत राहिली.

अमृतानं रांगा पुन्हा मोजल्या. शाळेच्या रांगेत चारच उरले होते. तिनं झोपेच्या रांगेतला एक खडा उचलला, तिथं ठेवला, आणि कळशी घेऊन झऱ्याच्या वाटेला लागली.