घरच्या पत्त्यावरचं पार्सल

सीझन संपला, पण काचेच्या फुलदाण्या विकणाऱ्या मालकाचं डोकं काही थंड होईना. फुलदाणी एवढीशी आणि तिच्या पॅकिंगचाच खर्च डोईजड! त्याने पॅकिंगवाल्या मावशींना फर्मान सोडलं, "यापुढे खोका पातळ आणि बबल रॅपचा एकच वेढा."

"फुटतील हो," मावशी म्हणाल्या.

खात्री करायला त्याने गुपचूप बायकोच्या नावाने एक ऑर्डर टाकली आणि घरच्या पत्त्याची चिठ्ठी मावशींच्या गठ्ठ्यात सरकवली. ते पार्सल गेलं, बाकीची त्याने अडवून ठेवली. मग चार दिवस त्याचा पाय एका जागी ठरेना. समोरचा चहा गार व्हायचा आणि फोन वाजला की हा दचकायचा.

पाचव्या दिवशी बायकोचा फोन आला. "अहो, पार्सल आलं, पण त्यात..."

"फुटलंय का, तेवढं सांग!"

"नाही, साधा तडाही नाही. पण अहो, ऐका तरी..."

त्याने फोन ठेवलासुद्धा. अर्ध्या तासात दोनशे पार्सलं भरून टेम्पो निघाला. तो कोपऱ्यावर वळेपर्यंत मालक दारातच उभा होता. मग कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

"उगाच घाबरवत होतात, मावशी! माझ्या घरचं पार्सल बघा, कसं धडधाकट पोचलं."

मावशी खुलल्या.



"पोचणारच! पत्ता वाचला, म्हटलं वहिनींची वस्तू आहे, म्हणून अंगातला स्वेटर काढून गुंडाळला. तेवढा उद्या आठवणीने आणा हं."