पर्वतीची पैज

"हरलीस!" पर्वतीची शेवटची पायरी उतरताच श्यामसुंदर कानिटकर ओरडले.

वल्लरी मागून धापा टाकत येत होती. पैज बापलेकीची होती. बहात्तर वर्षांच्या, मधुमेही बाबांनी कुरकुर न करता पर्वती चढून-उतरून दाखवली, तर त्यांना आपल्या बाणेरच्या फ्लॅटवर न्यायचा विषय ती कायमचा बंद करणार होती. आई गेल्यापासून बाबा नारायण पेठेत एकटेच राहत. तिथून हलणं म्हणजे जिवंतपणी भिंतीवरच्या फोटोत जाऊन बसणं, असं त्यांचं स्पष्ट मत होतं.

या विजयाचे खरे मानकरी होते त्यांचे बूट. हिंजवडीत नोकरी लागल्यावर वल्लरीनेच आणलेले. घोट्याच्या वर जाणारे, काळ्या कॅनव्हासचे, पांढऱ्या लांब नाड्यांचे. बास्केटबॉलच्या बुटांची ती जुनी तऱ्हा आता पुन्हा फॅशनमध्ये आली होती. बाबांनी आधी नाक मुरडलं. "एवढ्या किमतीत माझ्या आयुष्यभराच्या चपला झाल्या असत्या." मग त्यांना आठवलं, कॉलेजच्या संघात असे बूट फक्त कप्तानाकडे होते. दुसऱ्या दिवशी मुकाट्याने घातले.

आणि जादूच झाली. वर्षभर त्यांच्या पायांची नुसती आग व्हायची. तळवे गार फरशीला टेकवून बसायचे बिचारे. दोन महिन्यांत ती आग पार थांबली. बाबांनी श्रेय बुटांना दिलं, वल्लरीने स्वतःला. डॉक्टरांकडे जायचं राहून गेलं. फिरायला येणाऱ्या मंडळींत बाबांनी बुटांची इतकी जाहिरात केली, की धोतर नेसणारे आप्पासाहेबसुद्धा खाली तसलेच बूट घालून येऊ लागले.

रिक्षाने घरी आल्यावर बाबा आरामखुर्चीत रेलले आणि त्यांनी डोळे मिटले.

"नाड्या हरलेल्यांनी सोडायच्या असतात," ते म्हणाले.

वल्लरी हसत खाली बसली. खरं तर हरल्याचा तिला आनंदच झाला होता. डावा बूट सहज निघाला. उजवा निघेना. जोर लावून ओढला, तेव्हा मोजा दिसला. रक्ताने चिंब झालेला. तिने बुटात हात घातला आणि बोटाला टोचलं. पर्वतीवर कुठेतरी एक खिळा रबरी तळ फोडून आत शिरला होता, चांगला पेरभर. तो तसाच पायात घेऊन बाबा सगळ्या पायऱ्या उतरले होते, तेही शीळ घालत.

तिने मोजा सोलून काढला. तळवा दोन्ही हातांत घट्ट धरला. अंगठा दाबला. मग मन घट्ट करून जखमेशेजारी नख रुतवलं.

"बाबा, डोळे उघडू नका. मी कुठे हात लावलाय, सांगा."

बाबा मिटल्या डोळ्यांनीच हसले.

"अगं, अजून लावलायस कुठे?"