खिडकीतला सल्ला

वर्षातला पाचवा गुन्हा नोंदला गेला, तोही दारू पिऊन गाडी चालवल्याचा, आणि सोनगीरच्या युवराजचं लायसन तीन महिन्यांसाठी गेलं.

"ट्रक सोडून मला काय येतं, अक्का?" आरटीओ कार्यालयाच्या खिडकीशी तो रडकुंडीला आला.

आत बसलेल्या कारकून दिपमालाला दया आली. इकडेतिकडे बघत ती हळूच म्हणाली, "हायवेला जाऊ नका. धुळ्यातल्या धुळ्यात छोटी गाडी बघा. तिथं कोण लायसन विचारतंय?"

सोमवारी सकाळी शाळेची व्हॅन दिपमालाच्या दाराशी आली. लेक उडी मारून पुढं बसली. दप्तर आत देताना दिपमालानं पाहिलं, गाडीवर नेहमीचे काका नव्हते.

"तुमचंच ऐकलं बघा, अक्का!" युवराजनं हात जोडले.

बडीशेपेआडचा तो वास तिच्या ध्यानात आला, तोवर व्हॅन वळणापलीकडे गेली होती.