साध्या पाण्याचा आकडा

घरी बिअर करायच्या हौसेपायी निनादने बिनतारी सेन्सर मागवला. पिंपात तरंगत राहायचं आणि आत किती गोडवा उरलाय ते फोनवर कळवायचं, एवढंच त्याचं काम. पण आधी साध्या पाण्यात त्याची परीक्षा घ्यायची होती. तिथे आकडा १.००० यायलाच हवा; गोडवा असेल तरच तो वर चढतो. इंग्लंडात, मिल्टन कीन्समधल्या त्या घरात वायफाय धड लागायचं ते फक्त दारापाशी, म्हणून सेन्सर टाकलेलं पाण्याचं काचेचं भांडं त्याने तिथेच, बुटांच्या कपाटावर ठेवलं.

दिवसभर आकडा ढिम्म हलायचा नाही. संध्याकाळी निनाद ऑफिसातून एकटाच घरी आला, की दहा मिनिटांत वर चढायचा. त्याने बॅटरी बदलली, ॲप पुन्हा टाकलं, रोज सकाळी ताजं पाणी भरलं. पाणीही रोज बोटभर कमी व्हायचं. ते हीटिंगमुळे, असं त्याने धरलं.

शुक्रवारी वैतागून त्याने पाण्यात बोट बुडवून चाटलं. चक्क गुळाचं पाणी!

"आई, यात गूळ तू टाकतेस?"

"मग? बाहेरून आलेल्याला नुसतं पाणी द्यायचं का?" महिन्यापूर्वी साताऱ्याहून आलेली आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

निनादला हसू फुटलं. "अगं, मी आल्या आल्या चहा घेतो. हे पाणी मी कधी प्यायलोय?"

"तुला कोण देतंय?" आई म्हणाली. "तुझ्या मागोमाग रोज आत येतात ना, त्या बाईंना देते. दमलेल्या असतात रे. तू तर त्यांना साधं 'बसा'सुद्धा म्हणत नाहीस."