उसनी कंबर

मैदानाकडेच्या खुर्चीत प्रमिलाताई फळीसारख्या ताठ बसल्या होत्या. चष्मा पायाशी पडला तरी उचलता येईना, कारण त्यांच्या अंगातली सगळी लवचिकता डॉक्टरीणबाईंनी दोघींच्या कमरेला बांधलेल्या पट्ट्यातून सामन्यापुरती सुनेच्या अंगात गेली होती.

"इतकी वर्षं पहाटे उठून सूर्यनमस्कार घातले ते हिच्या बोलिंगसाठी का?" असं सकाळी त्यांनीच कुरकुरत म्हटलं होतं, आणि पट्टाही आपणहून बांधून घेतला होता.

सून ऋजुता जिल्ह्याची वेगवान गोलंदाज. जुन्या दुखापतीनं तिची कंबर लाकूड झाली होती. लग्नातही तिनं सगळ्यांना नुसती मान तुकवली, तेव्हा 'सून भारी गुर्मीची' अशी कुजबुज झाली. खरं तर तिचं न वाकणं प्रमिलाताईंनाही लागलं होतं.

शेवटचा चेंडू, समोरच्या संघाला चार धावा हव्यात. ऋजुता धावत आली, कमानीसारखी मागे वाकली आणि चेंडू थेट यष्टीच्या बुंध्यात घुसला.

"पळणं तिचं, ताकद तिची, पण ती कंबर माझी!" प्रमिलाताई ओरडल्या.

लवचिकता परत सासूकडे धाडण्यासाठी डॉक्टरीणबाई पट्टा उलटा फिरवायला आल्या. "एक मिनिट थांबा," म्हणत ऋजुता पूर्ण वाकली आणि तिनं सासूच्या पावलांवर डोकं टेकवलं.

"लग्नातलं राहिलं होतं, आई."

तिला उचलून पोटाशी धरायला प्रमिलाताईंचे हात पुढे झाले आणि तिथेच अडले.

"ऊठ गं बाई," त्या म्हणाल्या, "मला वाकता येत नाहीये. कंबर तुझ्याकडे आहे ना!"