बद्द वाजणारा दगड

“सूनबाई, कमानीचा मधला दगड बद्द वाजतोय. पोरीला त्या पुलाखालून शाळेत नेऊ नकोस.”

हातोडी पुसत सासरे म्हणाले, तेव्हा ती हसली होती. “अण्णा, गाडी बंद होऊन बारा वर्षं झाली. तुमच्या आजोबांनी रचलेला दगड, कुठे जातोय?”

अण्णा रेल्वेचे जुने गँगमन, रूळ-पूल तपासणारे. आवाजावरून दगड ओळखायचे. कुणीच ऐकेना, तेव्हा रोज शाळेच्या वेळी कमानीखाली उभं राहून पोरांना वरच्या वाटेने पिटाळू लागले. पोरं चिडवायची, “अण्णा, गाडी आली!”

सोमवारी दगड निसटला. पोरं वरच्या वाटेवर होती. दगडाखाली एकटे अण्णा सापडले.

पुढच्या ओढ्यावर तसाच पूल आहे. तिथे आता अण्णांचे गँगमधले जोडीदार दौलतमामा पोरांना अडवत उभे असतात. सुनेचे पाय तिकडे वळत नाहीत. भेटेल त्याला ती विचारते, “तुम्ही तिकडूनच जाताय ना? मामा बरे आहेत का, तेवढं बघाल?”